न दिलेला नकार

अनुबोध-कक्षाचं दार सरकलं आणि सुवर्णा सरगर बाहेर आल्या. त्यांचे डोळे ओले होते. त्यात नवल नव्हतं. त्या कक्षातून बाहेर येणारी बहुतेक माणसं रडलेली असत. कुणी भिंतीला टेकून उभं राही, कुणाला ओकारी येई. म्हणूनच ऋजुता कोपर्डेकर दाराशी कोमट पाणी घेऊन थांबत असे.

पण सुवर्णाताईंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्या ऋजुताकडे बघत राहिल्या. लांबच्या प्रवासाहून परतलेलं माणूस घरच्या माणसाकडे बघतं, तसं.

"दमलात का?" ऋजुतानं विचारलं.

"मी न्हाई. तुमी दमलाय," सुवर्णाताई म्हणाल्या. "सकाळधरनं उभ्या हाय. बसा बगू आदी."

ऋजुता हसली. तिला याची सवय होती. मिरजेच्या या संशोधन संस्थेत ती कितीतरी वर्षं रुग्णशिक्षक म्हणून काम करत होती, आणि अनुबोध घेऊन आलेली माणसं तिच्याशी नेहमीच मायेनं वागत. आपण त्यांना नीट समजावून सांगतो, धीर देतो, त्याचंच हे फळ असावं, असं ती धरून चालली होती. तिनं नेहमीसारखी खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकवली आणि ती बसली.

त्या काळात नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा, तर आधी अनुबोध घेणं कायद्यानं बंधनकारक होतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी रुग्णाच्या हाती जाडजूड माहितीपत्रक देत. ते कुणी वाचत नसे, वाचलं तरी कळत नसे, आणि डॉक्टर सांगतात म्हणजे बरंच असणार, असं म्हणून माणसं सही करत. पुढे त्रास झाला की म्हणत, "असं काही असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं." ते खोटं नसे. 'मळमळ, थंडी, अशक्तपणा' हे शब्द वाचणं वेगळं आणि ती थंडी स्वतःच्या हाडांत शिरणं वेगळं.

मग अनुबोधाचं तंत्र आलं. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मोजकी माणसं औषध घेत. त्यांच्या डोक्यावर केसाहून बारीक तारांची जाळी बसवून मेंदूतल्या लहरी टिपून ठेवल्या जात. त्यांतून विचार वाचता येत नसत, पण शरीराला काय जाणवलं आणि मनाला काय वाटलं, ते टिपलं जाई: जिभेवरची चव, सांध्यांतली कळ, भीती, आशा. तीच नोंद पुढच्या रुग्णाच्या मेंदूत हलकेच उमटवायची. घटकाभर तो दुसऱ्याच्या देहात राहून येई. दुसऱ्याच्या अनुभवातून होणारा बोध, म्हणून अनुबोध. नोंद निवडायची ती ज्याला त्रास झाला त्याची, गुण आला त्याची नाही. कुणी लोभानं चाचणीत येऊ नये म्हणून. नोंदीतली नावं, आवाज आणि चेहरे पुसून टाकलेले असत. ती कुणाची, हे संस्थेतही कुणाला ठाऊक नसे. ते गुपित पुण्याच्या नीतिसमितीकडे बंद असे.

सकाळी याच सुवर्णाताई अगदी वेगळ्या होत्या. तासगावच्या रस्त्यावर त्यांच्या बेदाण्याच्या शेड होत्या. नवरा लवकर गेला, त्यानंतर सगळा कारभार त्यांनी एकटीनं उभा केला होता. आता साठी ओलांडल्यावर स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून विझत जाण्याचा आजार त्यांना जडला होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. लेक आर्वी त्यांना घेऊन आली होती आणि ती आईचं बोट सोडायला तयार नव्हती.

"ह्या औषधानं हात चालाय लागंल का? तेवढं सांगा," सुवर्णाताईंनी आल्या आल्या विचारलं होतं.

"माहीत नाही," ऋजुता म्हणाली होती. "माहीत नाही म्हणूनच तर चाचणी आहे. निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे तुम्हाला कळणार नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही."

"म्हंजे मला पाणीबी मिळू शकतंय."

"हो. आणि औषध मिळालं तरी गुण येईलच असं नाही. उलट त्रास होऊ शकतो. सुवर्णाताई, तुमच्यावर उपचार करताना डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तुम्ही असता. चाचणीत त्यांच्या डोळ्यांपुढे एक प्रश्न असतो. त्याचं उत्तर शोधायला तुम्ही मदत करता. त्याचा फायदा तुम्हाला होईल, किंवा तुमच्यानंतर येणाऱ्या कुणाला तरी."

सुवर्णाताईंनी जरा विचार केला. "द्राक्ष लवकर वाळावी म्हनून लावायचं नवं डिपिंगचं तेल आलं की आमी निम्म्या जाळ्यांवरच्या द्राक्षास्नी ते लावतो, निम्म्यांना जुनं. मग बेदाणा कसा पडतोय ते बगतो. तसंच की हे."

"अगदी तसंच."

"फकस्त द्राक्षास्नी कोण इचारत न्हाई."

"तुम्हाला विचारतोय," ऋजुता म्हणाली होती. आणि मग प्रत्येक रुग्णाला ती जे सावकाश, डोळ्यांत बघून सांगत असे, ते तिनं सांगितलं. "आणि केव्हाही सोडता येतं. आज हो म्हणालात आणि उद्या नको वाटलं, तर नको. कारण सांगावं लागत नाही. कुणी रागावणार नाही. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील."

"आई नाही सोडणार," आर्वी पटकन म्हणाली होती. "ती खमकी आहे."

सुवर्णाताई लेकीकडे बघून नुसत्या हसल्या होत्या.

आता दुपारी त्या ऋजुतासमोर बसल्या होत्या. नातेवाइकांना या खोलीत यायची परवानगी नसे. ऋजुतानं ठरलेला प्रश्न विचारला.

"जे अनुभवलंत, त्यानंतर तुम्हाला या चाचणीत यायचंय का?"

"तुमाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही, ताई."

"मग माजं होय लिवा." त्या घाईनं म्हणाल्या. "तुमचं तोंड उतरलेलं मला बगवायचं न्हाई."

ऋजुताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माझं तोंड?"

सुवर्णाताई गोंधळल्या. आपण हे काय बोललो, असं त्यांनाही वाटलं असावं. पण आतलं दाबून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "खरं सांगू का? आत लई वंगाळ हुतं. तोंडात लोखंडाची चव, अंगात हिव, श्वास घेताना छातीवर कुणीतरी बसल्यागत. सकाळची मी असते तर सरळ नको म्हनून उठले असते. पर आत एक बाई हुती. चेहरा न्हवता तिला, सगळं धुरकट. ती येऊन बसली की वाटायचं, सोसू या अजून थोडं. खुर्ची आदी भिंतीला टेकवायची, मग बसायची. तुमी आत्ता बसला, तशी."

ऋजुतानं मागे वळून खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं.

"डब्यात भाकरी आणायची," सुवर्णाताई आठवत म्हणाल्या. "पापुद्रा सोडवून आपण खायची आन् खालची मऊ बाजू दुधात कुस्करून ह्या माणसाला भरवायची. तिला पापुद्रा आवडत नसावा, तरी खायची; ह्याला लई भरून यायचं."

"नाही आवडत," ऋजुता म्हणाली.

तिचा नवरा निनाद शाळेत चित्रकला शिकवायचा. ब्रश हातातून निसटायला लागला तेव्हा आजार कळला. त्या वेळी हेच औषध पहिल्यांदा माणसांना देऊन बघत होते. माहिती ऋजुतानंच शोधून काढली, ऋजुताच त्याला इथं घेऊन आली. औषधाची मात्रा जास्त होती, हे नंतर कळलं. त्याच्यासारख्यांना झालेल्या त्रासावरूनच पुढे ती कमी केली गेली. निनादचे शेवटचे महिने फार जड गेले. तो गेल्यावर ऋजुतानं आपली नोकरी सोडून इथं काम मागितलं. इतर रुग्णांना सगळं आधी कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. निनादच्या डोक्यावरही जाळी होती, हे तिला ठाऊक होतं. पण नोंदी पुष्कळ होत्या, आणि कोणती वापरली हे विचारायची सोय नव्हती. आप्त म्हणून तिला या चाचणीचा अनुबोध घ्यायलाही मनाई होती.

"बाई," सुवर्णाताई हळूच म्हणाल्या, "ते तुमचं कोन हुतं?"

"माझा नवरा."

सुवर्णाताईंनी डावा हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला.

"एक सांगू का नको, कळंना," मग त्या म्हणाल्या.

"सांगा."

"एकदा त्येनी सोडायचं ठरवलं हुतं. बास म्हनायचं. शब्द जिभेवर आलावता. मला त्यो माज्या जिभेवर लागला, इतका जवळ. तेवढ्यात ती बाई आत आली. पळत आल्यागत. कायतरी चांगलं कळलं असावं, तिचं सगळं अंग हसत हुतं. आन् त्येनी त्यो शब्द गिळला."

ऋजुताला तो दिवस आठवला. रक्ताच्या तपासणीत थोडी सुधारणा दिसली होती, आणि लिफ्टची वाट न बघता ती जिना चढून गेली होती. निनाद तिचं सगळं ऐकून "बरं झालं" म्हणाला होता. त्यानंतरही त्यानं औषध घेतलं. पुष्कळ दिवस घेतलं.

ती उठली. "सुवर्णाताई, मी तुमचा होकार घेणार नाही. आज नाही, आणि मी नाही."

डॉक्टर नसीम मुजावर यांनी या संस्थेत अनुबोधाची सोय उभी केली होती. ऋजुताची आणि त्यांची ओळख निनादच्या आजारपणातली, आणि आता ती मैत्री झाली होती. ऋजुतानं सगळं सांगितलं तेव्हा नसीम खिडकीशी उभ्या होत्या. त्या मागे वळल्या नाहीत.

"आम्ही चेहरा पुसतो," त्या म्हणाल्या. "चेहरा पुसला की माणूस पुसलं जातं, असं धरून चाललो होतो."

"मग त्यांना मी कशी कळते?"

"कळत नाहीस. तीच तर गोची आहे." नसीम येऊन समोर बसल्या. "मेंदूत ओळख पटायची वाट वेगळी आणि आपलं वाटायची वाट वेगळी. डोक्याला मार लागलेला एखादा रुग्ण बायकोकडे बघून म्हणतो, दिसायला हीच, पण ही माझी बायको नाही. त्याची ओळख शाबूत असते, आपलेपण तुटलेलं असतं. तुझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. रुग्ण बाहेर येतात, तुला ओळखत नाहीत, पण तुझं चालणं, तुझं बसणं, तुझ्या अंगाचा वास त्यांना आपला वाटतो. अनुबोधानंतर दुसऱ्याची भावना काही काळ मागे उरते. आम्ही तिला ओल म्हणतो. कुणात ती महिनाभर राहते, कुणात वर्षानुवर्षं. आणि ती ओल अंगात असताना त्यांच्यासमोर नेमकी तूच येऊन बसतेस आणि विचारतेस, येणार का?"

ऋजुतानं खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.

"तुझ्याकडचे रुग्ण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होकार देतात," नसीम पुढे म्हणाल्या. "मुंबईला, नागपूरला तोच अनुबोध दाखवतात, तिथं निम्मी माणसं परत जातात. आम्ही सगळीकडे सांगत होतो, ऋजुता फार छान समजावते. त्यांना खरंच समजतं."

"त्यांना समजत नव्हतं, नसीम," ऋजुता म्हणाली. "ते मला सांभाळत होते. तो सांभाळायचा, तसं."

खाली आवारात कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं.

"मला एकदा आत जाऊ दे," ऋजुता म्हणाली. "एकदाच."

"नाही." नसीमचा आवाज मऊ होता. "कायदा आहे म्हणून नाही म्हणत. तू आत गेलीस, तर तुझ्यावरचं त्याचं प्रेम तुला त्याच्या बाजूनं कळेल. अशी माणसं पाहिली आहेत मी. ती पुन्हा पुन्हा आत जायला मागतात. मग बाहेरच्या कशातच त्यांचं मन लागत नाही."

ऋजुतानं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवशी ती घरी जाताना नसीम तिचा हात धरून जिन्यानं खालपर्यंत आल्या.

नीतिसमितीनं मोहोरबंद नोंदवही उघडली. नोंद निनाद कोपर्डेकरचीच होती. ती वापरणं ताबडतोब थांबलं. निर्णय झाला की ऋजुतासमोर ज्यांनी ज्यांनी होकार दिला, त्या सगळ्यांना नव्यानं विचारायचं. त्यांच्या घरी जाऊन, अनोळखी माणसानं, पूर्ण मोकळीक देऊन. आणि जोवर ते चाचणीत आहेत, तोवर ऋजुतानं त्यांच्या समोर यायचं नाही. ती एक शब्दही न बोलता नुसती दिसली, तरी त्यांचं मत फिरू शकत होतं. ऋजुतानं ते मान्य केलं. मुळात तिनंच ते मागितलं होतं.

पुष्कळ जण चाचणीतून बाहेर पडले. त्यांत काही असेही होते, ज्यांची बोटं पुन्हा वळायला लागली होती. नसीमना त्याचं फार वाईट वाटलं. "त्यांना गुण येत होता गं," त्या एकदा म्हणून गेल्या. ऋजुता म्हणाली, "हो. पण त्यांना विचारायला हवं होतं."

सुवर्णाताईंकडे पुण्याहून एक तरुण डॉक्टर गेला. त्यांनी त्याला चहा पाजला, सगळं पुन्हा ऐकून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं. आर्वी खूप रडली. सुवर्णाताई तिला म्हणाल्या, "तुज्यासाठी मी काय बी करीन. पर हे तुज्यासाठी केलं, तर एक दिवस तुला ते कळंल. मग तू काय करशील?"

त्या चाचणीत आल्या नाहीत, म्हणून त्यांना भेटायला ऋजुताला मनाई नव्हती. हिवाळा सरता सरता ती तासगावला गेली. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, आणि हवेला गोड, जरा आंबूस वास होता. सुवर्णाताई डाव्या हातानं बेदाणे निवडत बसल्या होत्या. ऋजुताला बघताच त्यांचा चेहरा उजळला, आणि ऋजुता होती तिथंच थांबली. निनाद शाळेतून आल्यावर दारात असाच दिसायचा.

इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, शब्द गिळताना तो माझ्यावर रागावला होता का?"

सुवर्णाताईंनी डोळे मिटले. आत कुठंतरी शोधत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"राग न्हवता," त्या म्हणाल्या. "कसं सांगू तुमास्नी? पोरीला सायकल शिकिवताना आपण मागनं धरतो. मग हात सोडतो, आन् तिला सांगत न्हाई. सांगितलं तर पडंल म्हनून. तसं कायतरी हुतं. बरं व्हायचं त्येनी कवाच सोडलंवतं, बाई. तुमाला चालवत ठेवलं."

ऋजुता रडली. सुवर्णाताईंनी तिला रडू दिलं.

त्यानंतर ती वरचेवर तासगावला जाऊ लागली. सुवर्णाताईंचा डावा हातही हळूहळू जड होत गेला. आर्वीनं हळूहळू कारभार हाती घेतला, आणि ऋजुता सुवर्णाताईंचे केस विंचरून देई, औषधं समजावून सांगे. उन्हाळ्यात एक दिवस ती गेली तेव्हा सुवर्णाताईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आता तुमचं मालक मला जाणवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता ती ओल वाळली बगा. तुमी आला की पूर्वी पोटात कायतरी हलायचं, ते हलत न्हाई."

ऋजुतानं मान हलवली. तिला ते दारातूनच कळलं होतं.

"पर तुमी येत जावा," सुवर्णाताई म्हणाल्या. "हे मी म्हनतीय. माजं मी."

पण बाकीचे होते. मिरज, सांगली, जयसिंगपूर, कुठं कुठं विखुरलेले. काही अजून चाचणीत होते, आणि ते कोण, हे ऋजुताला कुणी सांगत नसे.

एका संध्याकाळी मिरजेच्या मंडईत ती मेथी घेत होती. पलीकडच्या गाड्यापाशी एक पन्नाशीचा माणूस उभा होता, संस्थेत एकदा तिच्यासमोर बसून गेलेला. त्याचा एक हात खिशात निर्जीव पडला होता. त्याची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं पिशवी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरायला लागलं; का, ते त्याला समजत नव्हतं. संस्थेतली ताई म्हणून त्यानं तिला ओळखलं नसावं; भेट एकदाच झालेली, तीही जुनी. फक्त दिवसभराचा शीण उतरल्यासारखा तो दिसत होता.

ऋजुताला तिथं नुसतं उभं राहायचं होतं. आणखी थोडा वेळ. निनादचं प्रेम आता जगात दुसरीकडे कुठंच उरलेलं नव्हतं.

तिनं मेथीची जुडी परत ठेवली आणि मान खाली घालून ती शेजारच्या बोळात वळली.

तो माणूस तसाच उभा राहिला. भाजीवाल्यानं दोनदा हाक मारली तरी त्याचं लक्ष नव्हतं. आपलं काहीतरी हरवलंय असं वाटून तो खिसे चाचपू लागला. पाकीट होतं, किल्ल्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं. तरी तो शोधतच राहिला.